तलावात टाकलेला चुना

आमच्या गावात माझ्या चुलतभावाला लोक वीसेक वर्षांपासून ‘जहरवाला’ म्हणत आले. अगदी तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या जवळून. त्यानं तलावात विष घालून मासे मारले, असं गावाचं मत होतं. ते मासे त्यानं मारले नाहीत, मी मारले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत मारले, आणि वर संस्थेचा चहा पिऊन घरी आलो.

मी आता गोंदियाजवळ कुडव्याला मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर राहतो. सकाळी साखरेची गोळी घेतो, संध्याकाळी रक्तदाबाची. माझ्या वयाची माणसं देवाला लागतात. माझं देवाशी कधी जमलं नाही, आणि तो समोर आला असता तरी मी त्याला आधी सूत्र लिहून दाखवायला सांगितलं असतं. म्हणून हे त्याला न सांगता इथे लिहितो.

नोकरीभर मी अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. त्यातला माझा लाडका धडा समतोलाचा. पोरांना वाटायचं, समतोल म्हणजे सगळं थंड पडलं, क्रिया संपली, घंटा झाली. मी त्यांना आपल्याकडचं लग्न डोळ्यांपुढे आणायला सांगायचो. मांडवात माणसं बसलेली असतात आणि बाहेर पानठेल्यावर माणसं उभी असतात. आतले तंबाखूचा खर्रा आणायला बाहेर जातात, बाहेरचे जेवायला आत येतात. ये-जा एक क्षण थांबत नाही, पण कधीही मोजा, आत साधारण तितकेच आणि बाहेर तितकेच. हा समतोल. आता मांडवातले पंखे बंद करा, माणसं बाहेर सरकतील. जिलेबी आली म्हणून ओरडा, आत सरकतील. बदल कोणताही करा, गर्दी अशा बाजूला हलते की त्या बदलाचा त्रास थोडा कमी व्हावा. पोरं हसायची आणि उत्तरपत्रिकेत जिलेबी लिहायची. मी त्यांना गुण द्यायचो.

सांगायचा मुद्दा हा की हा धडा मला झोपेत येत होता.

आमचं गाव देवरीच्या रस्त्याला आहे. तिथला तलाव आमच्या वाडवडिलांनी खोदला. ही गोष्ट आमच्या घराण्यातला प्रत्येक माणूस पहिल्या पाच वाक्यांत सांगतो, मीही सांगून टाकली. खोदला त्यांनी, पण पुढे तलाव सरकारजमा झाला आणि मासेमारीचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे गेला. तलावाखालची धानाची शेती मात्र आमच्याच लोकांकडे राहिली. त्यातली पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून असलेली बांधी माझ्या चुलतभावाची. म्हणजे पाणी एक आणि ओढणारे दोन. उन्हाळी धानाला पाणी सोडा म्हणून शेतकरी ओरडायचे, सोडू नका, मासे उघडे पडतील म्हणून संस्था ओरडायची. दरवर्षी भांडण व्हायचं, दरवर्षी थोडं पाणी सुटायचं आणि थोडं राहायचं. हाही एक समतोलच होता, फक्त त्यात शिव्या जास्त होत्या.

त्या वर्षी भांडण जरा वाढलं. माझा भाऊ पाळीवर उभा राहून संस्थेच्या लोकांना म्हणाला, “माझं धान पान्याबगर वारून राहिलं अन् तुमाले मासोरीची पडली? मरो तुमची मासोरी!” भाऊ माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, आवाजानं तर बराच मोठा. अर्ध्या गावानं ते ऐकलं. त्याच आठवड्यात त्यानं धानावरच्या खोडकिडीसाठी औषध आणलं होतं, तेही लोकांनी पाहिलं होतं.

मग मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडू लागले. संस्थेनं मासे झपाट्यानं वाढावेत म्हणून तलावात शेणखत आणि कोंबडीखत भरभरून टाकलं होतं. उन्हाळ्यानं पाणी आटलं, खत कुजलं, पाणी शेवाळानं हिरवंगार झालं. संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे आले. गावातला एकटा मी रसायनवाला. मी सुट्टीला आलेलोच होतो.

तलावावर गेलो. पाळीवरून खाली उतरून पाण्यात बोट घातलं आणि बोटाचा वास घेतला. एखाद्या वैद्यानं नाडी धरावी तसा चेहरा केला. खिशात लिटमसचा एक कागद असता तर पुढचं काही घडलं नसतं, पण मास्तर माणूस सुट्टीत कागद बाळगत नाही. खत कुजलंय म्हणजे पाणी आंबलंय, असं मी स्वतःशी ठरवलं आणि अध्यक्षांना म्हणालो, “पाणी आम्ल झालंय. चुना टाका. चांगला सढळ हातानं टाका.”

“किती टाकाचा, सर?”

“आहे तेवढा.”

घराच्या बांधकामासाठी आणलेली चुन्याची पोती कोणाकडे तरी पडली होती. ती आली. दुपारी उन्हात लाकडी डोंग्यातून चुना तलावभर पसरला. पाणी पांढरं दिसू लागलं, लोक खूश झाले. मी पाळीवर चहा प्यालो. संध्याकाळ व्हायच्या आत मासे उलटे होऊन तरंगायला लागले. रोहू, कतला, मृगळ, लहान बोटुकलीसुद्धा. त्यांची पांढरी पोटं काठाला लागली.

काय झालं ते सांगतो, कारण हेच सांगायचं राहिलं होतं. खत कुजलं की अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, ते गरीब, माशाला सहसा त्रास देत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मारतो. या दोघांची सतत अदलाबदल चाललेली असते. पाणी आम्लाकडे असेल तर बहुतेक सगळे गरीब रूपात बसून असतात. चुना टाकला, म्हणजे पाणी अल्कधर्मी केलं, की समतोल मोकळ्या अमोनियाकडे सरकतो. ऊन वाढलं की अजून सरकतो. त्यात हिरव्या शेवाळाचं पाणी दुपारी आधीच अल्कधर्मी झालेलं असतं. म्हणजे तलावात मारेकरी गरिबाच्या वेषात बसले होते आणि मी भर दुपारी जाऊन त्यांना एकेक सुरी वाटली.

पण चुन्याचा संशय कोणालाच आला नाही. चुना तर औषध, आणि सरांनी सांगितलेलं. लोकांना त्या आठवड्यातली किडीची बाटली आठवली आणि “मरो तुमची मासोरी” आठवलं. गावाची बैठक बसली. मला विचारलं, “सर, पान्यात काही मिसरलं होतं का?”

मी म्हणालो, “मिसळल्यासारखं दिसते.”

वाक्य अगदी खरं होतं. मिसळलं होतंच, मीच मिसळलं होतं. माझ्या भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी आणखी काही बोलेन. तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं, एवढं मी माझ्या बाजूनं म्हणू शकतो. पण मी खात्री नसताना बोललो, आणि बोलताना मला बरं वाटलं.

कळलं ते शाळा उघडल्यावर. वर्गात अमोनियाचं समीकरण फळ्यावर लिहिलं, दोन्हीकडे जाणारे बाण काढले आणि सवयीनं विचारलं, “आता यात अल्क घातलं तर समतोल कुठं सरकेल?” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “अमोनियाकडे, सर.” मी “बरोबर” म्हणालो आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांना वाटलं, सरांना चक्कर आली. मी त्यांना पुढचा धडा काढायला लावला.

त्या रविवारी गावी जायला हवं होतं. गेलो नाही. पुढच्या रविवारी लग्न होतं, त्यापुढच्या रविवारी पाऊस होता. त्यानंतर गावात सगळं स्थिर झालं होतं. निकाल लागला होता, भाऊ जहरवाला झाला होता, संस्थेनं नवं बीज टाकलं होतं. मी स्वतःला समजावलं की बसलेला गाळ कशाला ढवळायचा. मी विज्ञानाचा माणूस, समतोल मोडायला मला आवडत नाही! इतकं सुंदर कारण फक्त शिकलेल्या माणसालाच सुचू शकतं.

आता शिक्षा काय होती तेही सांगतो. कोणी त्याला मारलं नाही, पोलिसांत दिलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी झालं की संस्था मोठं जाळं ओढते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी माशाचा एक वाटा जातो. विकत नाही, तर गावचा तलाव म्हणून मानानं. त्या वर्षापासून भावाच्या घराला वाटा बंद झाला. वाटा घेऊन येणारा माणूस त्याच्या दारावरून पुढच्या दारात जायचा. दरवर्षी, सगळ्यांच्या देखत. ज्यांना मासा आवडत नाही त्यांना यात काही वाटणार नाही. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला विचारा.

वहिनी देवरीच्या बाजारातून मासा आणायची, पण मागचं दार लावून शिजवायची आणि काटे उकिरड्यात खोल पुरायची. का, तर लोक म्हणतील, तलावातला चोरून धरला.

आणि माझा वाटा? तो मला मिळत राहिला. मी गोंदियात राहायला आलो तरी संस्था बसमधून पिशवी पाठवायची, “सरांचा वाटा” म्हणून. कंडक्टर शिव्या देत द्यायचा, कारण गाडीभर वास सुटलेला असायचा. मी तो घरी आणायचो, बायको तळायची, आम्ही खायचो. दरवर्षी एकदा घशात काटा अडकल्यासारखं वाटायचं. भाताचा घास घेतला की जायचं.

यंदा उन्हाळ्यात अध्यक्षांचा फोन आला. तेच अध्यक्ष, आता तेही म्हातारे झालेत, पण खुर्ची सोडत नाहीत. म्हणाले, “सर, मासोरी पुन्हा वर येऊन राह्यली. पोट्ट्यायनं खत जास्त टाकलं. चुना आनून ठेवला. टाकू ना?”

मी म्हणालो, “हात लावू नका चुन्याला! मी येतो.”

“तुमी कायले त्रास घेता? माहीत आहे ना आमाले. मागं तुमीच तं सांगितलं होतं.”

मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. पाळीवर पंधरा-वीस माणसं जमली होती, चुन्याची पोती झाडाखाली. पलीकडे भाऊ, मधल्या वर्षांत त्यानं घेतलेल्या बोअरच्या खोलीपाशी उभा होता. अशा गर्दीत तो येत नाही, पण लांबून ऐकतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मागच्या खेपेला मासे चुन्यानं मेले, चुना मी टाकायला लावला, भावाचा काही संबंध नव्हता, आणि मला हे त्याच वर्षी कळलं होतं.

मला वाटलं होतं, दगड येतील. आले नाहीत. लोक एकमेकांकडे बघून हसले.

अध्यक्ष म्हणाले, “सर, समजते आमाले. रक्ताचा आहे. भावाले वाचवाले बोलून राह्यले तुमी.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “आता लाकडं रचाच्या टायमाले भाऊ आठवला गा मास्तरले!”

म्हणजे मी एवढा मोठा बदल आणून टाकला आणि गाव जरासं सरकून पुन्हा जागेवर बसलं. धडा माझाच, आणि गाव मला तो शिकवत होतं. खरं बोललो तर बोभाटा होईल या भीतीनं मी इतकी वर्षं काढली, आणि आता खरं कोणी घेईना.

मग माझी नजर अध्यक्षांच्या हातावर गेली. ते बोलता बोलता खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू आणि बोटावर चुना. मी विचारलं, “यात चुना कायले टाकता?”

“चुन्याबगर तंबाखू चढते का?”

“नाही चढत. कारण तंबाखूतली नशा गरीब होऊन बसलेली असते. चुना तिला मोकळं करतो. मग ती वर येते. तलावात पण हेच झालं. कोणी डीएपीचे चार दाणे आणा.”

भावाच्या खोलीत डीएपी खताचं पोतं होतं. एक जण तिकडे गेला, भावानं मूठभर दाणे त्याच्या हातावर घातले. मी अध्यक्षांना खर्रा बाजूला ठेवायला लावला. दाण्यांचा वास घ्या म्हणालो. त्यातला अमोनियाही गरीब रूपातलाच, म्हणून काही वास नव्हता. मग त्यांच्याच डबीतला चुना, पाण्याचे दोन थेंब. “घोटा आता.”

त्यांनी घोटलं. नाकाशी नेलं आणि मान मागे फेकली. डोळ्यांत पाणी.

“अबे! हे तं बसस्टँडच्या मुतारीवानी येऊन राह्यलं!”

त्यावर प्रत्येकाला वास घ्यायचा होता. पाळीवर रांग लागली. प्रत्येक माणूस अध्यक्षांचा तळहात हुंगायचा, शिवी द्यायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायचा. मी इतकी वर्षं प्रयोगशाळेत जे प्रात्यक्षिक केलं, त्याला एवढी उपस्थिती कधी लाभली नव्हती.

तो मागचा म्हातारा म्हणाला, “म्हंजे सर, त्या दिवशी तुमी मासोरीले मुतारीत कोंडलं म्हना.”

“हाव,” मी म्हणालो.

हसणं थांबलं. अध्यक्ष तळहाताकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “आमी याच्या दारावरून वाटा पुढं नेला गा. दरसाल.”

तेवढ्यात भाऊच ओरडला, “झालं का तुमचं हुंगनं? मासोरी तिकडं मरून राह्यली!”

खरंच होतं ते. माशांना नवं पाणी आणि हवा हवी होती, आणि पाळीला लागून असलेली बोअर एकच होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. अध्यक्ष गेले आणि म्हणाले, “दादा, पानी सोडता का?”

“जहरवाल्याच्या बोअरचं पानी चालन तुमच्या मासोरीले?”

अध्यक्षांनी हात जोडले.

“मास्तर, इकडं ये,” भाऊ म्हणाला. त्यानं पंप चालू केला, विजेची लाइन होती हे नशीब. नळीतून आलेलं पाणी ओंजळीत घेतलं. “पहिले तू पे.”

मी त्याच्या ओंजळीतून प्यालो. लोखंडाची चव असलेलं, पाइपात तापलेलं पाणी. सगळं गाव बघत होतं.

“जिता आहे का?”

“आहे.”

“तवाच समजलं होतं तुले?”

“महिन्याभरात.”

“अन् वाटा घेत होता?”

“हाव.”

मला शिव्या हव्या होत्या, तो त्यात तयार माणूस. त्यानं फक्त नळीचं तोंड तलावाकडे वळवलं. पाणी वरून पडून हवा मिसळावी म्हणून पोरांनी नळी बांबूवर चढवली. चुन्याची पोती उचलून नेली. काही मासे गेले, बरेचसे वाचले.

पुढचे आठवडे गावात नवी गोष्ट फिरली. सरांनी म्हणे तलावात गॅस सोडला होता. मी सुधारायला गेलो नाही. जवळपास खरंच होतं. भावाला कोणी जहरवाला म्हणेनासं झालं, आणि त्याबद्दल त्यानं मला फोनवर झापलं. “त्या नावाच्या भेवानं कोनी माझ्या धुऱ्यावर ढोरं सोडत नव्हते. आता रोज हाकलाव लागते. तुले काऊन सुचलं रे हे?”

उन्हाळ्याच्या शेवटी जाळं पडलं. मी मुद्दाम गेलो. अध्यक्ष स्वतः भावाच्या दारात कतला घेऊन आले, पायातल्या चपला बाहेर काढल्या. मला म्हणाले, “सर, तुमचा वाटा यंदापासून नाही. सभेत ठरलं.” मी बरं म्हणालो.

वहिनीनं मासा घेतला. पुढचं दार उघडं, मागचं उघडं, फोडणीचा वास गल्लीभर गेला. जेवायला मला बसवलंच. भावाच्या ताटात मासा, माझ्या ताटात वरण-भात. भाऊ सावकाश काटे काढत होता. जरा वेळानं म्हणाला, “त्यालेबी वाढ एखादा तुकडा.”

“भाऊजीनं खाल्ला ना इतके साल,” वहिनी म्हणाली आणि माझ्या भातावर अजून एक पळी वरण ओतलं.

वरण अळणी होतं. मी मीठ मागितलं नाही.